धामण पाळायची आहे? पिंजरा नको, धुरा द्या

गेल्या पावसाळ्यात शेजारच्या गावचा एक पोरगा प्लास्टिकची बरणी घेऊन घरी आला. बरणीत हातभर लांबीचा तस्कर जातीचा साप. झाकणाला खिळ्यानं चार भोकं पाडलेली. "दादा, याले विष नसते ना? मी पाळतो म्हन्तो. काय खाऊ घालू याले?" त्याच्या डोळ्यांत भीती नव्हती, माया होती. ज्या गावात साप दिसला की आधी काठी शोधतात, तिथं अशी माया जपावी असं मला वाटतं. म्हणून त्याला रागावलो नाही. दिवेलागणीला आम्ही दोघं, त्यानं तो साप जिथून उचलला होता त्याच धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, गेलो आणि बरणी आडवी करून बाजूला झालो. साप गेला. मग त्याच्या प्रश्नाचं जे उत्तर मी त्याला टप्प्याटप्प्यानं दिलं, ते सगळं इथं मांडतो. ज्यांना धामण, तस्कर यांच्यासारखे बिनविषारी साप आवडतात आणि ज्यांच्याकडे थोडंफार वावर आहे, त्यांच्यासाठी हे आहे.

आधी कायदा आणि स्वभाव

आपल्याकडचा कुठलाही जंगली साप पकडून घरात ठेवता येत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. २०२२ मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. या दुरुस्तीनं धामणीला पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघ-बिबट्याच्या पंगतीत आणून बसवलं. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याबाबतच्या गुन्ह्याला किमान ३ आणि जास्तीत जास्त ७ वर्षांचा तुरुंगवास, वर किमान २५ हजार रुपये दंड. तस्कर, कवड्या, नानेटी यांनाही कायद्याचं संरक्षण आहेच. बरणीत घालून व्हिडिओ काढणंही अंगाशी येऊ शकतं. परदेशात लोक कॉर्न स्नेकसारखे साप पाळतात, ते पिढ्यानपिढ्या पिंजऱ्यातच जन्मलेले असतात. आपल्या धुऱ्यावरची धामण तशी नव्हे.

दुसरं, बिनविषारी म्हणजे गरीब, हा समज डोक्यातून काढा. कोंडीत सापडलेली मोठी धामण गळा फुगवते, गुरगुरते आणि कडकडून चावते. तस्कर मानेचा एस आकार करून शेपटी थरथरवतो आणि पुन्हापुन्हा झेप घेतो. पिंजऱ्यातली धामण काचेवर नाक घासघासून जखमी होते, खाणं टाकते. दिवसभर शिवारात हिंडणारा, झाडावर चढणारा, पाण्यात पोहणारा साप आहे तो. त्याला चार फुटांच्या पेटीत समाधान देता येईल असं मला तरी वाटत नाही.

मग पाळायचं कसं? साप धरायचाच नाही. त्यानं आपल्या वावरात राहावं अशी जागा राखायची.

ओळख पक्की करा, पण लांबूनच

इथं सावकाश जा, कारण इथली चूक जिवावर येते. सहा-सात फूट अंतर ठेवूनच बघायचं. सगळ्या खुणा जुळल्या तरी हात लावायचा नाही.

धामण पूर्ण वाढली की सहा-सात फूट सहज भरते, कधी त्याहून मोठीही. रंग पिवळसर, तपकिरी किंवा काळपट. डोकं लांबट, मानेपासून वेगळं दिसणारं. डोळे मोठे, बाहुली गोल. ओठांवरच्या खवल्यांना काळ्या कडा असतात, त्यामुळे तोंडाखाली काळ्या उभ्या रेघा मारल्यासारखं दिसतं. अंगाच्या मागच्या भागावर काळे आडवे पट्टे आणि शेपूट लांब, निमुळती होत गेलेली. ती दिवसा हिंडते. भर दुपारी कपाशीच्या पऱ्हाटीतून बाण सुटावा तशी गेलेली लांब सापाची रेघ बहुधा धामणीची असते.

गोंधळ होतो तो नागाशी. आमचा सालदार एकदा हटूनच बसला होता, "भाऊ, थे धामन नोय, नागच हाय." तो साप खरंच धामण होता. पण त्याचं थांबणं बरोबर होतं. नागानं फणा काढला की प्रश्न मिटतो. फणा न काढलेला, सरळ पळणारा गव्हाळी नाग मात्र ओझरता पाहिला तर धामणीसारखाच वाटतो. धामण चिडली की मान बाजूनं चपटी करून गळ्याखाली फुगते, नागासारखी मान आडवी पसरत नाही. तरीही फणा दिसला नाही म्हणून धामणच, असा हिशेब कधीच करू नका.

तस्कर लहान, साधारण तीन ते साडेचार फुटांचा. अंग तपकिरी, पुढच्या भागावर पांढऱ्या-काळ्या ठिपक्यांची आडवी नक्षी. मागच्या भागावर ती नक्षी विरते आणि दोन्ही बाजूंनी गडद पट्टे शेपटीपर्यंत जातात. मानेवर दोन काळ्या रेघा. हा बहुधा संध्याकाळी आणि रात्री निघतो. दिवसा वारुळात, दगडांच्या फटीत पडून राहतो. उंदराला विळखा घालून मारणारा हा साप आहे. धामण तसा विळखा घालत नाही, ती भक्ष्य अंगाखाली दाबते नाहीतर जिवंतच गिळते. लोक धामण ओळखतात, तस्कराला मात्र बहुतेक जण ओळखतच नाहीत आणि मण्यार किंवा घोणस समजून ठेचतात. याचं मला फार वाईट वाटतं.

आणखी दोन जोड्या घरातल्या सगळ्यांना पाठ करून द्या, प्रत्येकीत पहिला बिनविषारी, दुसरा विषारी. कवड्या आणि मण्यार: कवड्या तपकिरी, पांढरट पट्टे मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. भिंतीवर चढून पाली खातो. मण्यार काळीनिळी, तुकतुकीत. तिच्या अंगावरचे पांढरे पट्टे बहुधा जोडीनं असतात, डोक्यापासून थोडं अंतर सोडून सुरू होतात आणि शेपटीकडे ठळक होतात. दुसरी जोडी डुरक्या घोणस आणि घोणस, जिला आपल्याकडे काही जण परड म्हणतात. घोणशीच्या अंगावर साखळीसारख्या तीन रांगा, डोकं त्रिकोणी आणि फुत्कार कुकरच्या शिट्टीसारखा. डुरक्याचं डोकं लहान, शेपूट आखूड आणि बोथट, अंगावरचे डाग वेडेवाकडे. फुरसेही विसरू नका. हे लहान असतं, आणि खवल्याला खवला घासून करवतीसारखा आवाज करतं.

धुरा राखा

धामणीला तीन गोष्टी लागतात: खाणं, लपायला जागा आणि पाणी. उंदीर वावरात आहेतच. बेडूक पावसाळ्यात येतात. उरतं ते लपण, आणि तेच आपण दरवर्षी जाळून टाकतो. एप्रिल-मेमध्ये वखरणीच्या आधी धुऱ्याला काडी लावायची सवय घराघरांत आहे. त्याच दिवसांत धामणीची अंडी घालण्याची वेळ सुरू होते. मऊ कवचाची, पांढरी, एकमेकांना चिकटलेली आठ-दहा अंडी उंदराच्या जुन्या बिळात किंवा पालापाचोळ्याखाली असतात. आग वरून धावत गेली तरी ती वाचतीलच असं नाही, आणि पळू न शकलेले तस्कर, सरडे, टिटवीची अंडी सगळं जातं.

म्हणून पहिलं काम, धुरा जाळू नका. कचरा जाळावाच लागला तर वावराच्या मधोमध, त्याच दिवशी गोळा केलेला छोटा ढीग जाळा. महिनाभर पडून असलेल्या ढिगात तोवर कुणीतरी मुक्कामाला आलेलं असतं.

दुसरं, धुऱ्यावरची बोर, बाभूळ, पळस, सिंदी ठेवा. वावरातून वेचलेले दगड एका कोपऱ्यात नुसते रचून ठेवा, माती लिंपू नका. फटी हव्यात. कंबरेइतका उंच आणि बंडीइतका लांब ढीग पुरे. जुनं वारूळ असेल तर त्याला नांगर लावू नका.

एक अडचण सांगतो, कारण ती आमच्याकडे खरोखर आली. माझ्या भावानं उपटलेल्या पऱ्हाट्यांची गंजी धुऱ्यावरच लावली, सापांना आसरा म्हणून. हेतू चांगला, पण पऱ्हाटीत गुलाबी बोंडअळी पुढच्या हंगामापर्यंत दबा धरून राहते. २०१७ मध्ये या अळीनं कपाशीचं काय केलं ते विदर्भात कुणाला सांगावं लागत नाही. पऱ्हाटी वावराबाहेर काढा किंवा यंत्रानं बारीक करून जमिनीत मिसळा. आसऱ्यासाठी दगड, तुराट्या आणि ओंडके वापरा.

जागा कुठली? घरापासून, गुरांच्या कोठ्यापासून आणि मजुरांच्या रोजच्या वाटेपासून शंभरेक पावलं दूर. दगडांचा ढीग काही धामणीच्या नावावर नसतो. नाग येईल, घोणस येईल, विंचू तर येणारच. गावात म्हणतात, धामण असली की नाग येत नाही. यावर भरवसा ठेवू नका. नाग स्वतः धामण खातो. तुम्ही धुरा राखलात की सगळ्याच सापांना जागा मिळते, म्हणून माणसांची वाट आणि सापांचं ठिकाण यांत अंतर ठेवणं ही तुमची जबाबदारी. त्या भागात गवत कापायला जाताना गमबूट, हातात काठी, आधी आवाज आणि मग हात.

विहीर, जाळी आणि औषध

धामणीला मारण्यात काठीपेक्षा या तिघांचा वाटा कमी नाही, पण त्याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

कठडा नसलेल्या विहिरीत पडलेला साप दिवसेंदिवस पोहत, कपारीला धरून राहतो आणि शेवटी मरतो. जाड दोर नाहीतर फांद्यांसकट बाभळीचं लांब लाकूड पाण्यापर्यंत तिरपं सोडून ठेवा. वर्षातून एकदा बदला. खारी, सरडे, मुंगूसही त्यावरून वर येतात. जमेल तेव्हा कठडा बांधा, तो माणसांसाठीही हवाच.

भाजीपाल्याला, संत्र्याच्या रोपांना लावलेली नायलॉनची बारीक जाळी फार वाईट. धामण डोकं घालते, खवले अडकतात, मागे येता येत नाही. उन्हात दोन तासांत खेळ संपतो. जाळी जमिनीपासून वीतभर वर ताणून बांधा, सैल लोळू देऊ नका, आणि हंगाम संपला की गुंडाळून घरी आणा. अडकलेला साप दिसला तर त्यावर ओलं गोणपाट टाकून सावली करा आणि सर्पमित्राला किंवा वनखात्याला बोलवा. स्वतः कात्री घेऊन बसू नका, जाळीत नागही अडकतो.

औषधाचं थोडं नीट समजून घ्या. ब्रोमाडिओलोनसारख्या औषधानं उंदीर लगेच मरत नाही. काही दिवस सुस्त होऊन उघड्यावर फिरतो आणि घुबडाच्या, मांजराच्या हाती लागतो. विष मग त्यांच्याही पोटात जातं. बिळात दाणेदार कीटकनाशक ओतलं तर उंदीर राहो, त्या बिळात शिरलेला तस्करच आधी मरतो. वावरात औषध टाकायचं थांबवा. उंदीर फारच वाढले तर पिंजरे आणि सापळे लावा, बिळांची तोंडं मोजून दोन-चार दिवसांनी पुन्हा बघा. चालू बिळं कमी होताहेत की नाही ते कळतं. उंदराची मादी साधारण तीन आठवड्यांत विते, त्यामुळे एक आठवडा काम करून थांबलात तर केलं न केलं सारखं.

शक्य तिथं काठीला आडवी काठी बांधून पक्षी थांबे उभे करा. कपाशीतल्या अळीसाठी आपण ते लावतोच. रात्री त्यावर घुबड बसतं आणि धामण झोपलेली असताना उंदरांचं काम ते बघतं.

घर आणि कोठा: इथं साप नकोच

वावरात पाहुणचार, घरात नाही. ही रेघ ठाम ठेवा, नाहीतर घरचेच तुमच्या विरोधात जातील.

भाव मिळेल म्हणून आपण कापूस महिनोन्‌महिने घरात भरून ठेवतो. त्याखाली उंदीर पिल्लं घालतात आणि उंदरामागे साप येतो. कापूस भिंतीला टेकवू नका, चारही बाजूंनी माणूस जाईल एवढी जागा सोडा. धान्य कोठीत, झाकण घट्ट. कुटार (गुरांचा भुसा) आणि सरपण घराच्या भिंतीला लावू नका, आणि खाली दगड-लाकूड घालून वीतभर उंच रचा. दाराखालची फट, मोरीचं तोंड, कौलांखालची मोकळी जागा अर्धा इंचाच्या आतल्या जाळीनं बंद करा. कोंबड्यांच्या खुराड्यालाही तीच जाळी. धामण पिल्लं खाते, हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही.

कोठ्यात गाईच्या पायांना विळखा घालून धामण दूध पिते, असं आमची आजी सांगायची. सापाच्या तोंडाची ठेवण दूध ओढण्यासारखी नाही, आणि तीक्ष्ण दातांचं तोंड लागलेली गाय उभी राहणार नाही. धामण कोठ्यात येते ती उंदरांसाठी. शेपटीत विष असतं, धामण नागाची मादी असते, हेही खरं नाही. दोन धामणी उभ्या राहून एकमेकींना पिळे घालताना दिसल्या की लोक नाग-नागीण म्हणतात, लाभासाठी त्यांच्यावर पांढरं कापड टाकतात. ते बहुतेक वेळा दोन नर असतात आणि ती कुस्ती चाललेली असते. लांबून बघा, फार देखणं असतं. अर्धा-पाऊण तास सहज चालतं.

झोपणं हा वेगळा मुद्दा. पावसाळ्यात जमिनीवर कुणीही झोपू नये. खाट, आणि मच्छरदाणी गादीखाली खोचलेली. मण्यार रात्रीच येते, अंथरुणात शिरते आणि तिचा दंश अनेकदा जाणवतही नाही. जागलीला जाताना बॅटरी, पायात बूट.

घरात शिरलाच तर

पोरं, कुत्री, मांजर बाहेर. एका मोठ्या माणसानं लांबून नजर ठेवायची. धामण असेल आणि दार बाहेर उघडत असेल तर बाकीची दारं लावून तेवढंच उघडं ठेवा, गोंगाट थांबवा. बहुतेक वेळा ती आपणच निघून जाते. ओळख पटत नसेल, कोपऱ्यात शिरला असेल तर वनखात्याचा १९२६ हा क्रमांक लावा. जो कुणी पकडेल त्याला आपल्याच शिवारात, जवळच सोडायला सांगा. दहा-वीस कोस दूर जंगलात सोडलेल्या सापाला तिथलं पाणी, बीळ, शत्रू काहीच ठाऊक नसतं, आणि असे साप अनेकदा टिकत नाहीत.

वखरताना अंडी उघडी पडली तर तेवढी जागा वखरायची सोडा, माती अलगद वर ओढा. अंडी फिरवू नका, उलटी करू नका, आतलं पिल्लू मरतं. साधारण दोन महिन्यांत ती फुटतात.

चावलाच तर

धामण चावल्याची पक्की खात्री असेल, म्हणजे साप नीट ओळखू आलेला असेल, तरच साबण-पाण्यानं जखम धुवा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. किंचितही शंका असेल तर तो विषारी दंशच समजा. चावलेल्याला चालू देऊ नका. हात-पाय फळीला बांधून स्थिर करा, अंगठी, जोडवी, कडं काढा, १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीनं प्रतिविष असलेल्या सरकारी दवाखान्यात न्या. चिरा नको, चोखणं नको, घट्ट दोरी नको, मांत्रिक नको. पहाटे कुणाचं पोट दुखायला लागलं, पापण्या जड झाल्या, बोलणं अडखळलं आणि अंगावर खूण दिसत नसली तरी मण्यारीचा संशय धरून निघा. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालतं, त्यामुळे साप मारून सोबत नेण्याची काही गरज नाही.

गावाला सोबत घ्या

एकट्यानं धुरा राखून भागत नाही, धामण सातबारा वाचत नाही. शेजाऱ्याला आधी सांगा. मजुरांना सांगा, सापामागे धावू नका, मला हाक मारा. सोयाबीनची गंजी उचलताना ताडपत्री आपल्या दिशेनं ओढायची, म्हणजे खाली काही असलं तर त्याला पलीकडे वाट मिळते. हे एकदा हातानं करून दाखवा, तोंडी सांगून लक्षात राहत नाही. नागपंचमीला आपण वावरात नांगर घालत नाही. त्या दिवशी गारुड्याच्या टोपलीतल्या दात तोडलेल्या, उपाशी नागापुढे दूध ठेवण्यापेक्षा पोरांना धुऱ्यावर न्या आणि वारूळ दाखवा. मांडूळ विकत घेतो म्हणणारा कुणी गावात आला तर पोलिसांना किंवा वनखात्याला कळवा. गुप्तधनाच्या नादात त्या सापाचा आणि पोरांच्या भविष्याचाही बळी जातो.

वही ठेवा

हौस भागवायची ती इथं. बरणीवाल्या पोराला मी दोनशे पानी वही दिली. तारीख, वेळ, कुठल्या धुऱ्यावर, काय करत होता, ऊन की आभाळ, एवढंच लिहायचं. जमलं तर लांबून फोटो. तीन-चार महिन्यांत त्याला कळलं की एक मोठी धामण सकाळी साडेआठच्या सुमारास दगडांवर ऊन घेते, दहानंतर नाल्याकडे जाते आणि आभाळ असलं की निघतच नाही. पेटीत ठेवली असती तर यातलं काहीच कळलं नसतं.

दिवाळीनंतर त्याला बोरीखाली तिची अखंड कात सापडली. तोंडापासून शेपटीपर्यंत, डोळ्यांवरच्या पारदर्शक खवल्यांसकट. मोजली तर साडेसात फूट भरली. मी त्याला वहीत सहा-सव्वासहा फूट लिहायला सांगितलं, कारण कात उतरताना ताणते आणि सापापेक्षा लांब भरते. त्यानं दोन्ही आकडे लिहिले आणि कात जिथं होती तिथं परत ठेवून आला.